परीक्षेला पुन्हा बसावे काय?

जून महिना लागला की आमच्या भागात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पावसाची आणि दुसरी निकालांची. पाऊस कधी उशिरा येतो, कधी दगा देतो. पण पुढल्या वर्षी तो पुन्हा येईल अशी शेतकऱ्यास निदान आशा असते. परीक्षेने दगा दिला म्हणजे मात्र घरात एक निराळाच प्रश्न येऊन बसतो. जेवताना तो ताटाशी असतो, रात्री उशाशी असतो. तो प्रश्न असा की, पुन्हा बसावे काय?

मी सीमाभागातील एका मराठी शाळेत शिक्षक आहे. गेल्या वर्षी जूनमधील एका संध्याकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी तिच्या वडिलांसह माझ्या घरी आली. वडील सुतारकाम करतात. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. परंतु वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत तिला सरकारी कॉलेजात जागा मिळण्याइतके गुण पडले नव्हते, आणि खाजगी कॉलेजाची फी ऐकूनच वडिलांनी तो विषय सोडून दिला होता. "गुरुजी," ते म्हणाले, "एक वर्ष घरी बसवून हिला पुन्हा परीक्षा द्यायला लावू, की सरळ बी.एस्सी.ला नाव घालू? तुम्ही सांगाल तसं करतो."

त्या संध्याकाळी मला उत्तर देता आले नाही. का देता आले नाही, ते मी शेवटी सांगेन. पण ती दोघे गेल्यावर मला वाटले, हा प्रश्न काही या बापलेकींनाच प्रथम पडलेला नाही. आपल्या देशात तो दीडशे वर्षांहून अधिक जुना आहे, आणि फार थोर माणसांच्या उंबरठ्यावर तो येऊन उभा राहिलेला आहे. त्यांनी त्याचे काय केले, हे एकदा पाहावे.

'मॅट्रिक' हा शब्द आपल्या मराठीत इतका मुरला की तो मूळचा परका आहे, हेच आपण विसरून गेलो. लॅटिनमध्ये नोंदवहीला, पटाला जो शब्द आहे, त्यावरून तो आला. मॅट्रिक होणे म्हणजे शाळा संपवणे नव्हे, तर विद्यापीठाच्या पटावर नाव चढणे. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे तीन विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. ही विद्यापीठे स्वतः शिकवीत नसत. ती परीक्षा घेत आणि पदव्या देत. साहजिकच त्यांच्या दाराशी पहिला पहारेकरी होता तो प्रवेश परीक्षेचा. बंगालात तर या परीक्षेस 'एन्ट्रन्स' असेच म्हणत.

मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. शंभरावर उमेदवार बसले आणि पंचवीसदेखील उत्तीर्ण झाले नाहीत. उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही नावे होती. १८६२ साली हेच तरुण विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत गणले गेले. इतिहासाने त्यांची नावे जपून ठेवली, ते योग्यच झाले. परंतु एक शिक्षक म्हणून माझे मन नेहमी त्या बाकीच्यांकडे जाते. पाचांतील चार जण ज्या परीक्षेत गळाले, त्या गळालेल्यांनी घरी जाऊन काय सांगितले असेल? त्यांपैकी कितीजण पुन्हा मुंबईस आले असतील, आणि कितीजणांनी बाडबिस्तरा गुंडाळून कचेरीतील कारकुनी पत्करली असेल?

हा पहारेकरी कडक होता. परीक्षा मुख्यतः इंग्रजीतून द्यावी लागे. एका विषयात कमी पडलात तरी सारी परीक्षा पुन्हा द्यावी लागे. मिळवलेले गुण पुढच्या वर्षासाठी शिल्लक राहत नसत. आणि मराठी माणूस जिथे जिथे जाऊन वसला होता, तिथे तिथे त्याला हा पहारेकरी वेगवेगळ्या वेषात भेटत होता. बेळगाव-धारवाडची आणि बडोद्याची मुले मुंबई विद्यापीठाची परीक्षा देत. इंदूर-ग्वाल्हेरकडची मुले प्रथम कलकत्त्याच्या आणि नंतर अलाहाबादच्या विद्यापीठाकडे पाहत. हैदराबादचे निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठास जोडलेले होते. गोव्यात राज्य पोर्तुगिजांचे आणि सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेतून; तरीही तेथील इंग्रजी शाळांतून मुले मुंबईच्या मॅट्रिकची तयारी करीत, कारण पोटापाण्यासाठी त्यांना मुंबईच गाठायची असे. भाषा एक, पण परीक्षक निरनिराळे, अशी आपली स्थिती होती.

हळूहळू या परीक्षेभोवती एक सामाजिक प्रतिष्ठा जमली. सरकारी नोकरीसाठी मॅट्रिक, वकिलीच्या वाटेवर मॅट्रिक, लग्नाच्या बोलणीतही मॅट्रिक. इतके की 'मॅट्रिक नापास' ही सुद्धा एक प्रकारची पदवी झाली. निदान परीक्षेपर्यंत पोहोचला होता, एवढे तिच्यावरून सिद्ध होई! आपण आज त्यावर हसतो. परंतु त्या दोन शब्दांत कित्येकांचे आयुष्य अडकून पडले, हे विसरता कामा नये.

आता ज्यांचे आयुष्य अडकले नाही, अशांकडे वळू. कोकणात मुरूड नावाचे गाव आहे. तेथील धोंडो केशव कर्वे यांना १८७५ च्या सुमारास मराठी सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा द्यायची होती. ही काही कॉलेजची परीक्षा नव्हे. पण गरीब घरच्या मुलास शिक्षकाची नोकरी मिळवून देणारे दार त्या काळी तेच होते. परीक्षेचे केंद्र साताऱ्याला. पावसाळ्याचे दिवस, हाताशी वाहन नाही. सोबत्यांबरोबर हा मुलगा पायी निघाला. कुंभार्ली घाट चढून, शंभर मैलांहून अधिक वाट तुडवून तो साताऱ्यास वेळेवर पोहोचला. तेथे परीक्षा मंडळाने त्याच्याकडे पाहिले आणि वय विचारले. सतरा वर्षे, असे त्याने सांगितले. अंगकाठी लहान आणि चेहरा कोवळा. मंडळाचा त्यावर विश्वास बसला नाही. त्याला परीक्षेस बसूच दिले नाही.

नापास झालेल्याचे दुःख आपण जाणतो. पण ज्याला प्रश्नपत्रिका पाहूच दिली नाही, त्याचे दुःख काय असेल? त्यात स्वतःचा दोष शोधावा तर तो सापडत नाही. कर्व्यांच्या आत्मवृत्तात हा प्रसंग आहे, आणि तो त्यांनी कोणावरही राग न धरता सांगितला आहे. पुढील खेपेस त्यांनी कोल्हापूरच्या केंद्रातून तीच परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. त्यानंतर इंग्रजी शिकण्यास आरंभ, मध्ये आजारपण, मध्ये पैशाची ओढाताण, आणि १८८१ साली मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून मॅट्रिक. त्या वेळी त्यांचे वय होते २३ वर्षे. रानडे त्याहून लहान वयात बी.ए. होऊन गेले होते. १८८४ साली कर्वे पदवीधर झाले, १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले, आणि १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ उभे केले. ज्याला एकदा दारातून परत पाठवले, त्यानेच पुढे दुसऱ्यांसाठी दार बांधले. त्याच्या १०४ वर्षांच्या आयुष्यात साताऱ्याचे ते वाया गेलेले वर्ष किती लहान दिसते!

कर्व्यांच्या बाबतीत 'पुन्हा बसावे काय' याचे उत्तर सोपे होते, असे मला वाटते. त्यांच्या अभ्यासात उणेपणा ठरलाच नव्हता. अडले होते ते वयाच्या संशयावर. एक वर्ष गेले की तो अडसर आपोआप दूर होणार होता. म्हणजे केवळ काळ जाण्याने जी अडचण सुटते, तिच्यासाठी धीर धरणे हेच शहाणपण. परंतु बहुतेकांची अडचण अशी नसते. वर्ष सरते, पण मुलगा आहे तिथेच राहतो.

यासाठी दुसरे उदाहरण पाहू. मोहनदास करमचंद गांधी १८८७ साली मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक झाले आणि भावनगरच्या कॉलेजात गेले. तेथे त्यांना काही उमजेना. एक सत्र काढून ते घरी परतले. १८८८ साली ते बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस गेले. बॅरिस्टरीच्या परीक्षा त्या काळी फार अवघड मानल्या जात नसत, आणि गांधींच्या मनास ते बोचत होते. आपले इंग्रजी कच्चे, आपले शिक्षण अपुरे, याची त्यांना जाणीव होती. म्हणून त्यांनी लंडन विद्यापीठाची मॅट्रिक देण्याचे ठरवले. ती देण्याची त्यांना सक्ती नव्हती. तिच्यावाचूनही ते बॅरिस्टर झाले असते.

या परीक्षेत लॅटिन आवश्यक होते आणि त्याशिवाय एक आधुनिक भाषा घ्यावी लागे. परीक्षा वर्षातून दोनदा होई. हाती होते अवघे पाच महिने. काठियावाडातून आलेल्या तरुणाने पाच महिन्यांत लॅटिन शिकायचे! १८९० च्या जानेवारीत ते परीक्षेस बसले आणि लॅटिनमध्ये नापास झाले.

येथपर्यंतची गोष्ट आपल्या घरोघरी घडणारीच आहे. तिच्या पुढचा भाग मात्र लक्ष देऊन ऐकण्यासारखा आहे. 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेत गांधींनी तो सांगितला आहे. नापास झाल्याने त्यांना दुःख झाले, पण ते खचले नाहीत. तोवर लॅटिनची गोडी लागली होती. मग त्यांनी दोन बदल केले. पहिला बदल विषयाचा. विज्ञानात त्यांनी रसायनशास्त्र घेतले होते. पण प्रयोग करण्याची सोय नसल्यामुळे त्यात त्यांचे मन लागत नव्हते. ते सोडून त्यांनी उष्णता आणि प्रकाश हा विषय घेतला. दुसरा बदल राहणीचा. दोन खोल्यांचे बिऱ्हाड सोडून त्यांनी एकच खोली घेतली, एक स्टोव्ह विकत आणला आणि सकाळची लापशी व कोको स्वतःच करू लागले. खर्च कमी झाला, वेळ वाचला, आणि तो वेळ अभ्यासास मिळाला. १८९० च्या जूनमध्ये ते उत्तीर्ण झाले. या लॅटिनचा उपयोग त्यांना रोमन कायद्याच्या अभ्यासात झाला, आणि पुढे दक्षिण आफ्रिकेतील कायदा समजून घेतानाही झाला.

श्रोतेहो, जानेवारीतील उमेदवार आणि जूनमधील उमेदवार हे नावाने एक होते. पण परीक्षेस बसणारा माणूस मधल्या काळात बदललेला होता. पुन्हा बसणे आणि तसेच पुन्हा बसणे, यांत जे अंतर आहे ते हेच. आमच्या आईबापांना बहुधा वाटते की तेच पुस्तक, तीच शिकवणी, तेच वेळापत्रक, फक्त एक वर्ष अधिक घातले की निकाल पालटेल. जमीन तीच, बी तेच, आणि नांगरट मात्र केली नाही, तर पीक निराळे कसे येणार?

आता याच्या उलट बाजूचे एक उदाहरण पाहणे आवश्यक आहे. नाहीतर माझे बोलणे नुसते धीर देण्यापुरते होईल. श्रीनिवास रामानुजन १९०३ साली मद्रास विद्यापीठाची मॅट्रिक उत्तम रीतीने पास झाले आणि शिष्यवृत्ती घेऊन कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात गेले. तेथे गणिताने त्यांना असे झपाटले की इंग्रजी आणि इतर विषय मागे पडले. शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात त्यांनी पुन्हा नाव घातले. तेथे आजारपण आले, आणि शरीरशास्त्रासारख्या विषयाशी त्यांचे कधीच जमले नाही. विद्यापीठात पुढे जाण्यासाठी एफ.ए.ची परीक्षा पास होणे भाग होते. तीत ते अपयशी ठरले. १९०७ च्या अखेरीस त्यांनी खाजगी उमेदवार म्हणून पुन्हा एकवार प्रयत्न केला. पुन्हा अपयश! त्यानंतर ते त्या परीक्षेच्या वाटेस गेले नाहीत.

गणिताचा असा जाणकार शतकातून एखादा निपजतो. आणि त्याला एफ.ए.चे दार उघडले नाही. कारण ती परीक्षा मोजीत होती एक, आणि त्यांच्यापाशी होते दुसरेच. ही परीक्षा आपल्याला मोजू शकत नाही, हे दोन-तीन वेळा कळल्यावर त्यांनी वाट बदलली. ते वह्यांतून गणित करीत राहिले, ज्यांना गणित कळते त्यांच्याकडे त्या वह्या घेऊन गेले. १९११ साली त्यांचा लेख भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. १९१२ साली मद्रासच्या बंदर कचेरीत कारकुनी मिळाली. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजला प्राध्यापक हार्डी यांना पत्र लिहिले. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने, पदवी नसतानाही, त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

रामानुजनचा दाखला आमच्या वर्गातील आळशी मुलांना फार आवडतो, म्हणून येथे थोडे सांभाळून बोलले पाहिजे. परीक्षा सोडली म्हणून ते मोठे झाले नाहीत. परीक्षा सोडल्यावरही त्यांनी काम सोडले नाही, आणि ते काम जगापुढे ठेवता येईल असे होते. शिवाय परीक्षा आणि बंदर कचेरी यांमधील ती चार-पाच वर्षे त्यांनी कशी काढली? शिकवण्या शोधत, मित्रांच्या आधाराने, कित्येकदा अर्धपोटी. दुसरी वाट असते हे खरे. पण ती सावलीची असेल अशी हमी कोणी देत नाही.

पुन्हा तोच दरवाजा ठोठावणे आणि तो कायमचा सोडणे, यांच्या मध्ये एक तिसरी वाटही आहे. १८९५ साली आल्बर्ट आइन्स्टाइन झुरिकच्या तंत्रविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेस बसले. तेव्हा त्यांचे वय १६ वर्षांचे, म्हणजे नियमापेक्षा दोन वर्षे कमी. गणित आणि पदार्थविज्ञान यांत त्यांनी परीक्षकांवर छाप पाडली. पण भाषा, इतिहास, सृष्टिविज्ञान अशा सामान्य विषयांत ते कमी पडले आणि प्रवेश मिळाला नाही. तेथील प्रमुखांनी त्यांना सल्ला दिला की, लगेच परीक्षेच्या मागे न लागता आराऊ गावच्या शाळेत एक वर्ष शिकून शालान्त परीक्षा द्यावी. ती पास झाल्यास प्रवेश परीक्षा द्यावीच लागणार नाही. आइन्स्टाइन यांनी तो ऐकला. त्या शाळेत पाठांतरापेक्षा समजुतीस मान होता आणि मुलांना माणसांसारखे वागवले जाई. १८९६ साली शालान्त परीक्षा पास होऊन ते झुरिकला गेले. त्यांचे ते वर्ष 'फुकट गेलेले' नव्हते; जे उणे होते ते भरून काढण्याचे ते वर्ष होते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. पुन्हा बसावे काय, हा प्रश्न पडणे हेदेखील एके काळी मुलांचेच भाग्य होते. मुंबई विद्यापीठाने १८८३ साली स्त्रियांना आपले दार उघडले. म्हणजे स्थापनेनंतर २६ वर्षांनी. बंगालात चंद्रमुखी बसू या ख्रिस्ती मुलीला १८७६ साली कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षेचे पेपर लिहू दिले गेले, पण उत्तीर्णांच्या यादीत तिचे नाव घातले गेले नाही. उत्तरे बरोबर, आणि तरी निकाल नाही! पुढे नियम बदलले. १८८३ साली ती आणि कादंबिनी बसू या दोघी पदवीधर झाल्या. आज आमच्या गावातील सुताराची मुलगी 'मी पुन्हा बसू का?' असे विचारते, तेव्हा त्या विचारण्यामागे या मुलींनी सोसलेले बरेच काही असते. मुलगा असेल तर घर दोन वर्षे थांबते. मुलगी असेल तर एक वर्ष थांबण्याआधीच शेजारीपाजारी स्थळे सुचवू लागतात. तिच्या वर्षाचा हिशेब आपण अधिक काटेकोरपणे मागतो, ही गोष्ट आपण मान्य केली पाहिजे.

आजची परीक्षा नव्या नावाने येते, पण प्रश्न जुनाच आहे. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेस वीस लाखांहून अधिक मुले बसली. परीक्षेत वेळ वाया गेला म्हणून १,५६३ जणांना वाढीव गुण दिले गेले होते; ते गुण पुढे रद्द झाले आणि या मुलांपुढे दोन मार्ग ठेवण्यात आले. वाढीव गुण सोडून मूळ गुण पत्करा, नाहीतर पुन्हा परीक्षा द्या. २३ जून रोजी फेरपरीक्षा झाली, तेव्हा ८१३ जण बसले आणि ७५० जण बसले नाहीत. जवळजवळ निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे. यांतील कोण शहाणे आणि कोण भित्रे, हे तुम्ही आम्ही दुरून सांगू शकणार नाही. ज्याचा त्याचा हिशेब निराळा. मला एवढेच सांगायचे आहे की, पुन्हा बसणे म्हणजे शौर्य आणि न बसणे म्हणजे पराभव, असे समीकरण मांडू नये. त्या समीकरणाच्या भाराखाली कोवळी मुले पिचून जातात. त्याच्या दुःखद बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतोच.

आता आरंभी दिलेले वचन पुरे करतो. त्या संध्याकाळी मला उत्तर का देता आले नाही?

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मीही पी.यू.सी. झाल्यावर, म्हणजे जुन्या भाषेत इंटर झाल्यावर, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेस बसलो होतो. माझे वडील शिवणकाम करीत. निकालात माझा क्रमांक फार खाली लागला. गुणांचा कागद हाती आला तो मी नीट पाहिलासुद्धा नाही. लाज वाटत होती. तो घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवला आणि अध्यापनाच्या पदविकेला नाव घातले. वडिलांनी एकदाच विचारले, "पुन्हा बघतोस का?" मी नाही म्हटले. ते पुन्हा बोलले नाहीत; मशीन चालवू लागले.

शिक्षक झाल्याचा मला खेद नाही. मुलांना वाचायला शिकवण्याएवढे समाधान दुसऱ्या कोणत्या कामात मिळाले असते, ते मला ठाऊक नाही. पण वडील वारल्यानंतरच्या नाताळच्या सुट्टीत ती ट्रंक उघडली, तेव्हा तो कागद सापडला. इतक्या वर्षांनी मी तो प्रथमच वाचला. गणित बरे होते, रसायनशास्त्र बरे होते. भौतिकशास्त्रात मात्र गुण पार घसरले होते. एका विषयाने मला मागे ओढले होते, आणि मी समजत होतो की मी सगळाच अपुरा आहे. कदाचित पुन्हा बसलो असतो तरी पास झालो नसतो. कदाचित त्या वेळी तो खर्च वडिलांना झेपलाही नसता. ते काही असो. मला बोच आहे ती न बसल्याची नव्हे. न पाहताच ठरवल्याची आहे.

म्हणून आठ दिवसांनी मी त्या मुलीच्या घरी गेलो. बसावे किंवा बसू नये, असे काहीच सांगितले नाही. तिला म्हटले, "तुझी उत्तरे आणि बरोबर उत्तरे शेजारी शेजारी ठेव, आणि कुठे अडलीस ते मला सांग." आम्ही दोन संध्याकाळ त्यावर बसलो. जीवशास्त्र तिचे पक्के होते. भौतिकशास्त्राची शेवटची कितीतरी उत्तरे कोरीच होती. चुकली नव्हती, तिथवर ती पोहोचलीच नव्हती. हे दिसल्यावर तिचा चेहरा बदलला. "गुरुजी, मला हे येत नाही असं नाही," ती म्हणाली, "मला हे भराभर येत नाही." मग मी तिच्या वडिलांना विचारले, एक वर्ष घराला झेपेल का? त्यांनी बराच वेळ हिशेब केला आणि म्हणाले, "एक झेपेल. दोन नाही." हेही उत्तर चांगले होते, कारण ते खरे होते.

तिने बी.एस्सी.ला नाव घातले आणि त्याबरोबर प्रवेश परीक्षेची तयारी ठेवली. गावातील एका निवृत्त शिक्षकांकडे रोज पहाटे ती भौतिकशास्त्राची उदाहरणे घड्याळ लावून सोडवीत असे. जुनी शिकवणी तिने बंद केली. एकच वर्ष, आणि त्यानंतर ज्या वाटेवर असू तिच्यावर मन लावून चालायचे, असे तिने वडिलांना स्वतःहून सांगितले.

या वर्षी ती पुन्हा परीक्षेस बसली आहे. निकाल अद्याप लागलेला नाही. परवा ती शाळेत आली होती. मी विचारण्याच्या आधीच म्हणाली, "गुरुजी, निकाल कसाही लागू दे, गुणांचा कागद घेऊन मी आधी तुमच्याकडे येणार आहे. आपण दोघे मिळून वाचू." मी तिला बरे म्हटले. त्या ट्रंकेची गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. आज ती ऐकत असेल, तर तिला कळली असेलच.